पिवळी पुस्तकं, बीपीच्या कॅसेटी आणि माळ्यावरचा डबा: या आठवणी कशा लिहून ठेवायच्या

गेल्या वर्षी आमची लालबागची खोली रिकामी करायची वेळ आली. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याचा चेक हातात पडला आणि पंधरा दिवसांत माळ्यावरचं साठ वर्षांचं सामान खाली काढायचं होतं. काका जाऊन तीन वर्षं झाली होती. माळ्यावर अगदी मागे, पितळी घंगाळाच्या आड एक डालडाचा डबा निघाला, झाकण गंजून बसलेलं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. आत डांबराच्या गोळ्या आणि चार पुस्तकं. कालनिर्णयच्या पानाचं कव्हर घातलेली, पाठीला काळं कापड चिकटवलेलं, कोपरे अगदी काटकोनात दुमडलेले. काका प्रभादेवीला एका प्रेसमध्ये बाइंडर होते, त्यांचा हात मी लगेच ओळखला. उघडून बघितलं तर पिवळी पुस्तकं, म्हणजे चोरून वाचायची कामुक पुस्तकं.

आत्या शेजारीच बसली होती. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "जाळून टाक गं, गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करतेस." मी जाळली नाहीत, कारण एका पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतल्या बाजूने पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. सात जणांची आद्याक्षरं, पुढे तारखा, पुढे बरोबरची खूण. वि., ३ दिवस. पु., परत. म., पान सुटलं, शिवलं. म्हणजे ही पुस्तकं सात घरांत फिरत होती, आणि पान सुटलं की माझा काका ते परत शिवत होता. हे वाचून मला काकाबद्दल जे वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही, पण लाज नक्की नाही वाटली.

तेव्हापासून मी चौदा जणांशी या विषयावर बोललेय. पिवळी पुस्तकं, बीपी म्हणजे ब्लू पिक्चर, मॉर्निंग शो, सायबर कॅफे, मेमरी कार्ड, जे ज्याच्या काळात होतं ते. पहिले तीन-चार वेळा मी चुकीचं विचारलं आणि माणसं गप्प झाली. मग हळूहळू जमायला लागलं. ज्यांना स्वतःच्या आठवणी लिहायच्यात किंवा घरातल्या, चाळीतल्या मोठ्या माणसांना विचारायचंय त्यांच्यासाठी, मला जे कळलं ते सगळं इथे लिहितेय.

आधी हे का करायचं ते सांगते, कारण समोरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. "हे कशाला उकरून काढतेस?" माझं उत्तर असं आहे की या गोष्टीची नोंद आपल्याकडे आहे, पण ती फक्त कोर्टाची आहे. र. धों. कर्वे मुंबईत १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढत होते, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झाला, हे सगळं आपल्याला माहीत आहे. मुंबईतल्या एका पुस्तक विक्रेत्यावर एक इंग्रजी कादंबरी विकली म्हणून खटला झाला तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६४ मध्ये त्याची शिक्षा कायम राहिली, हेही आहे. चंद्रकांत काकोडकरांची कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, त्यावरून खटला चालला आणि १९६९ ला सुप्रीम कोर्टाने ती अश्लील नाही असं सांगितलं, हेही लिहिलेलं आहे. पण तो अंक कोणी घेतला, कुठे बसून वाचला, वाचून कोणाला दिला, बायकोने कधी बघितला का, यातलं काहीच कुठे नाही. काय अश्लील हे ठरवणाऱ्यांची बाजू कागदावर आली, ज्यांनी वाचलं-बघितलं त्यांची बाजू माळ्यावर राहिली आणि आता माळेच पाडले जातायत. यान आसमान म्हणून जर्मन अभ्यासक होते, त्यांचं म्हणणं असं की तोंडी आठवण साधारण ८० ते १०० वर्षं टिकते, म्हणजे तीन पिढ्या, त्यानंतर ती कुठेतरी लिहिलेली, जपलेली नसेल तर गेली. आपल्याकडे या विषयात पहिली पिढीच बोलत नाही, म्हणजे काकांचं काकांबरोबरच गेलं.

आता काम कसं करायचं.

कोणालाही विचारायच्या आधी स्वतःची आठवण लिहा. हे मी ठामपणे सांगते. आपली लिहिली नसेल तर आपण दुसऱ्याला न्यायाधीशासारखे प्रश्न विचारतो. आणि लिहिताना पडद्यावर काय होतं, पानावर काय होतं ते लिहायला जाऊ नका. एक तर ते सगळ्यांचं जवळजवळ सारखंच असतं, आणि दुसरं म्हणजे खरं सांगायचं तर ते फारसं आठवतही नाही. आठवतं ते आजूबाजूचं. जागा, उजेड, दार, आवाज, कोणाचे पैसे, नंतर काय खाल्लं. तिथे जा.

माझं मी असं लिहिलं होतं, जसं आलं तसं: "२००१, मी वीस वर्षांची, दादरला स्टेशनच्या बाजूचा सायबर कॅफे, प्रोजेक्टचं प्रिंट काढायला गेले. आतल्या बाजूला प्लायवूडच्या केबिन, प्रत्येकाला पडदा. मी आत जायला लागले तर तो मुलगा मान वर न करता म्हणाला मॅडम तुम्ही बाहेरच्या मशीनवर बसा. बाहेरचं मशीन म्हणजे दरवाज्यासमोर, रस्त्यावरून जाणाऱ्याला स्क्रीन दिसेल असं. मशीनवर स्वामी समर्थांचा फोटो, त्याला छोटा लाल बल्ब. आतल्या एका केबिनचा पडदा अर्धा सरकलेला, स्क्रीनवर फोटो वरून खाली एक एक पट्टी करत उतरत होता, आधी केस, मग कपाळ, आणि तो मुलगा हनुवटीला हात लावून वाट बघत होता. तेवढंच बघितलं. अर्ध्या तासाचे पैसे दिले होते, दहा मिनिटांत उठले."

हे लिहून झाल्यावर मी परत वाचलं तेव्हा मला कळलं की माझी आठवण त्या फोटोची नाहीच, ती "बाहेरच्या मशीनवर बसा" या वाक्याची आहे. केबिन मुलांच्या आणि दाराजवळची जागा मुलींची, हे तेव्हा इतकं उघड होतं की कोणी बोललंही नाही. लिहिलं नसतं तर मला ते कधीच दिसलं नसतं. म्हणून एका बैठकीत लिहा, खोडू नका, शुद्धलेखन बघू नका, आणि दुसऱ्या दिवशी वाचून ज्या वाक्यापाशी पोटात काहीतरी होतं त्याच्याखाली रेघ मारा. तुमची आठवण तिथे असते.

मग साल लावायचं. माणसाला साल कधीच आठवत नाही आणि विचारलं तर तो अंदाजाने सांगतो, मग तो अंदाज नोंद म्हणून बसतो. त्यापेक्षा खुंट्या द्या. गिरणी संपाच्या आधी की नंतर, म्हणजे जानेवारी १९८२. टीव्ही रंगीत होता की ब्लॅक अँड व्हाइट, कारण रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षी एशियाडच्या वेळी आलं. दंगलीच्या आधी की नंतर, म्हणजे ९२-९३. केबल आली होती का. इंटरनेट म्हणाल तर सर्वसामान्य लोकांना ते १५ ऑगस्ट १९९५ पासून व्हीएसएनएल या सरकारी कंपनीमुळे मिळायला लागलं, तरी आपल्यापैकी बहुतेकांसाठी ते कॅफेतूनच आलं. २६ जुलैच्या पावसाआधी की नंतर, म्हणजे २००५. जुलै २०१५ च्या शेवटी सरकारने ८५७ साईट बंद करायला सांगितल्या आणि चार दिवसांत बराचसा आदेश मागे घेतला, तेव्हा तुमच्याकडे स्मार्टफोन होता का. आणि शेवटची खुंटी म्हणजे सप्टेंबर २०१६, जिओ. त्या आधी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, गाणी किती, पिक्चर किती आणि "दुसरं" किती असा हिशोब असायचा, जिओनंतर ते दुकानच गेलं. मेमरी कार्ड की डेटा, एवढं विचारलं तरी माणूस किती साली काय करत होता ते दोन वर्षांच्या फरकात कळतं.

वस्तू हातात असेल तर ती जास्त बोलते. काकांच्या एका पुस्तकाचं कव्हर जून १९८७ च्या कालनिर्णयच्या पानाचं आहे. याचा अर्थ पुस्तक ८७ चं असा नाही होत. अर्थ एवढाच की कव्हर जून ८७ संपल्यानंतर घातलं, कारण चालू महिन्याचं पान आमच्या घरात कोणी फाडलं नसतं, त्याच्या मागे दुधाचा हिशोब असायचा. या पानामागेही आहे, काकूच्या अक्षरात, अर्धा लिटर, अर्धा लिटर, १४ तारखेला खाडा. म्हणजे काकूच्या हिशोबाचं पान काकांनी या पुस्तकाला घातलं. मी ते कव्हर काढलेलं नाही आणि तुम्हीही काढू नका. वस्तू सापडली की आधी जशी आहे तशी, जिथे आहे तिथे फोटो काढा, डबा, झाकण, काय कशावर ठेवलं होतं, सगळं. मागे लिहिलेलं, मध्ये ठेवलेलं बसचं तिकीट, रद्दीवाल्याचा शिक्का, हे मूळ मजकुरापेक्षा महत्त्वाचं. चिकटपट्टी लावायची नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं नाही, मुंबईच्या हवेत आत बुरशी धरते. कागदी पाकीट बरं.

विचारताना पहिली गोष्ट म्हणजे शब्द. मी सुरुवातीला "अश्लील साहित्य" म्हणायचे आणि समोरचा माणूस लगेच शाळेत उभं केल्यासारखा व्हायचा. लोक काय म्हणतात? पिवळं पुस्तक. बीपी. ब्लू. चावट. तसलं. परळचे एक काका, आता बहात्तर वर्षांचे, दीड तास बोलले आणि पूर्ण दीड तासात त्यांनी एकदाही नाव घेतलं नाही, फक्त "ते". "मग ते आणलं", "ते लावलं", "ते परत केलं". टाइप करताना ते "ते" तसंच ठेवा. तिथे आपला शब्द घातलात तर त्या माणसाने पन्नास वर्षं जपलेला पडदा तुम्ही काढून टाकलात.

दुसरं, काय बघितलं हे विचारूच नका. कुठे बसला होता ते विचारा. मी एक कोरा कागद आणि पेन्सिल देते आणि म्हणते, खोली काढून दाखवा. दहा बाय बाराची खोली, मोरी इथे, कॉट इथे, टीव्ही इथे. परळच्या त्या काकांनी टीव्हीला लाकडी शटर काढलं, जे दोन्ही बाजूंनी सरकवून कुलूप लावायचे, मग स्वतः उठून दाखवलं की ते दाराला पाठ लावून बसायचे, कारण कडी सैल होती आणि कोणी ढकललं तर पाठीने थोपवता यावं. बघत होते ते पाच जण, आणि एक जण पूर्ण वेळ दाराला पाठ लावून. त्यांची सगळी आठवण पाठीत आहे. "मला पडद्यापेक्षा जिन्यावरच्या चपला जास्त ऐकू यायच्या," म्हणाले. चाळीत एका खोलीत आठ-नऊ माणसं राहायची, एकांत नावाची गोष्ट विकत घ्यावी लागायची, म्हणून व्हीसीआरचं भाडं जितकं कॅसेटचं होतं तितकंच ते त्या रिकाम्या खोलीचं होतं. पैसे कोणी किती काढले, खोली कोणाची, घरातली माणसं त्या रात्री कुठे पाठवली, हे तीन प्रश्न विचाराच. भाड्याचा आकडा प्रत्येक जण वेगळा सांगेल, सगळे लिहून घ्या, सरासरी काढू नका.

आता लाईटीची गोष्ट. चौदापैकी सहा जणांनी मला एकच किस्सा सांगितला. कॅसेट लावली, मधेच लाईट गेली, कॅसेट व्हीसीआरमध्ये अडकली, व्हीसीआर भाड्याचा, सकाळी परत करायचा, आणि आता काय. कोणाच्या किस्स्यात पोलीस मुद्दाम मेन स्विच पाडतात, म्हणजे कॅसेट आत राहून पुरावा मिळावा, कोणाच्या किस्स्यात वडील दारात येतात. सहाही जण शपथेवर सांगतात की हे माझ्यासमोर झालं. मला आधी वाटलं लोक बनवून सांगतायत. मुंबई शहरात, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, वीज बेस्टची, आणि भारनियमन जसं बाकी महाराष्ट्राने भोगलं तसं इथे जवळजवळ नव्हतंच, मग लालबाग-परळमध्ये इतक्या वेळा लाईट नेमकी तेव्हाच कशी जाईल?

इथे घाई करून खोटं ठरवू नका. इटलीत अलेस्सांद्रो पोर्तेल्ली नावाच्या इतिहासकाराने तेर्नी गावातल्या कामगारांशी बोलताना बघितलं की १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मेलेल्या एका कामगाराचा मृत्यू पुष्कळ लोक १९५३ मधला सांगतात, कारण ५३ साली कारखान्यातून मोठी कपात झाली होती आणि लोकांच्या मनात तो मृत्यू त्या लढ्याशी जोडला गेला होता. त्याने चूक दुरुस्त करून विषय संपवला नाही, चूक का झाली ते शोधलं. आपणही तेच करायचं. मी परत गेले आणि फक्त लहान लहान गोष्टी विचारल्या. पंखा बंद झाला का? बाहेर पॅसेजचा दिवा चालू होता का? शेजारी कोण ओरडलं? मीटरची पेटी कुठे होती? सहापैकी चौघांकडे काहीच उत्तर नव्हतं, म्हणजे किस्सा ऐकलेला, पण इतक्यांदा ऐकलेला की तो स्वतःचा झाला. दोघांकडे उत्तर होतं. एक म्हणाले की पॅसेजचा दिवा चालू होता, फक्त आमच्याच खोलीची गेली, मीटरच्या पेट्या जिन्याखाली होत्या, आणि फ्यूज कोणीतरी काढला होता. कोणी? बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आई असणार. तिने कधी कबूल नाही केलं. पण दुसऱ्या दिवशी चहा देताना माझ्याकडे बघितलं नाही."

म्हणून तीन-चार जण सारखंच सांगायला लागले की कंटाळू नका. सगळ्यांच्या तोंडी असलेला किस्सा आणि एकाच्याच पोटात असलेली गोष्ट यांच्यातली शिवण तिथेच सापडते. दोन्ही लिहा, वेगळ्या शाईने. सगळ्यांच्या तोंडी असलेला किस्सा सांगतो की लोकांना भीती कशाची होती, पकडलं जाण्याची, आणि फ्यूज सांगतो की पकडणारं कोण होतं.

मॉर्निंग शोचं मी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर लोक मोकळेपणाने बोलतात आणि तुम्हाला फार कष्ट पडणार नाहीत. ग्रँट रोडच्या पिलाहाउसची थिएटरं, डब केलेला पिक्चर, मधेच जोडलेली "बिट", म्हणजे उघडीवाघडी दृश्यं, ती आली नाही तर खुर्च्यांवर आपटलेले हात. एक प्रश्न मात्र विसरू नका, बाहेर पडताना कोणत्या गल्लीने बाहेर पडायचात. प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो आणि तो अजून पायात असतो.

बायकांशी बोलताना सगळी पद्धत बदलावी लागते. पहिलं उत्तर "मला काय माहीत बाई" हेच येणार आणि ते खोटं नसतं, फक्त आपण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर असतं. बघितलं का असं विचारलं तर नाही. पण गाद्या कोण उचलायचं, माळा कोण झाडायचं, रद्दी कोण द्यायचं? बायकांची आठवण बघण्याची कमी आणि सापडण्याची जास्त. सापडलं, वाचलं न वाचलं, परत जसं होतं तसं ठेवलं आणि कोणाला कळू दिलं नाही. हे परत जसं होतं तसं ठेवणं हे केवढं काम आहे याचा विचार करा. तीस-चाळीस वर्षं एखादी बाई दर दिवाळीला माळा झाडते आणि तो डबा उचलून, खालची धूळ पुसून, झाकणाची बाजू होती तशीच भिंतीकडे करून परत ठेवते.

आणि हो, काही बायकांनी स्वतः वाचलंय, आवडीने वाचलंय. एकीने सांगितलं की मैत्रिणीने मेथीच्या जुडीत गुंडाळून पुस्तक दिलं होतं, लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा, आणि पहिल्यांदा कळलं की बाईलाही काही वाटू शकतं. असं सांगताना ती जितकी हसली तितकंच मी टिपून घेतलं. हसू, थांबणं, आवाज खाली जाणं, हे कंसात लिहीत जा, नंतर आठवत नाही.

बाई एकटी असताना विचारा, सून-मुलगा घरात असताना नाही. स्वयंपाकघरात, हातात काहीतरी काम असताना उत्तम. डोळ्यात डोळे घालून बसायची गरज पडत नाही. फोन ताटाजवळ ठेवा, रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगून ठेवा, आणि मधेच बंद कर म्हणाली की त्याच क्षणी बंद करा.

आता जे पाळलंच पाहिजे ते. मी फक्त सज्ञान माणसांशी बोलते आणि प्रश्नही असा ठेवते की नोकरीला लागल्यावरचं, कॉलेजनंतरचं सांगा. लहानपणीचं कोणी आपणहून काढलं तर एवढंच लिहिते की तेव्हा कळलं, तपशिलात शिरत नाही. आणि कोणी सांगितलं की लहान असताना मोठ्या माणसाने मुद्दाम दाखवलं, तर ते "किस्सा" म्हणून ऐकायचं नाही. तो अत्याचार आहे, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांना असं काही दाखवणं गुन्हा आहे. रेकॉर्डिंग थांबवा, माणसाजवळ बसा, पुढे काय करायचं हे त्याला ठरवू दे. आज कुठलं मूल त्यातून जात असेल तर १०९८ ला फोन करा. तसंच एखादी बाई सांगेल की नवरा ते बघायचा आणि मग तसंच कर म्हणून मारायचा. मला दोघींनी सांगितलं. तिथे आपला प्रोजेक्ट वगैरे काही नसतो. १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे, मन फार खचलं असेल तर १४४१६ टेलिमानस आहे, हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शोधत बसायची वेळ येऊ नये.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे एकट्याने घरात बघणं हा गुन्हा नाही, पण विकणं, वाटणं, दाखवणं हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४. ऑनलाईन टाकलं तर आयटी कायद्याचं ६७ आणि ६७ अ लागतं, ६७ अ ला पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. त्यामुळे सापडलेल्या पुस्तकाची पानं स्कॅन करून ग्रुपवर टाकायची नाहीत, "बघा काय सापडलं" म्हणूनसुद्धा नाही. कव्हर, शिवण, मागचं लिखाण, याचे फोटो पुरे. नाव नसलेली कॅसेट किंवा सीडी सापडली तर ती लावून बघायची घाई करू नका, त्यात कोणाच्या तरी घरातलं, त्या माणसाला न विचारता काढलेलं काही असू शकतं. तसं निघालं तर जपायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. आणि लहान मुलांचं काही निघालं तर ते नुसतं जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, सरळ पोलिसांत द्यायचं, "अभ्यासासाठी" हे कारण तिथे चालत नाही.

नावं कधीच लिहू नका. आद्याक्षरंसुद्धा बदला, चाळीत आद्याक्षरावरून माणूस ओळखतात, काकांच्या यादीतले दोन जण मी तसेच शोधून काढले. चाळीचं नाव नको, मजला नको. पण विभाग आणि दशक असू दे, लालबाग ऐंशीचं दशक, डोंबिवली नव्वद, नाहीतर त्या आठवणीला जमीनच राहत नाही. सांगणाऱ्याची परवानगी एकदा घेऊन पुरत नाही. आज हो म्हणेल, मुलीचं लग्न ठरलं की नाही म्हणेल. दोनदा विचारा, मध्ये महिनाभर जाऊ द्या. मी प्रत्येकाला तीन पर्याय देते: आता वाचायला दिलं तर चालेल, मी गेल्यावर चालेल, किंवा पुसून टाक. एकाने पुसायला सांगितलं. मी त्यांच्यासमोर पुसलं, ट्रॅशमधूनही. खूप चांगलं रेकॉर्डिंग होतं.

आणि लिहून झालं की सांगणाऱ्याला वाचून दाखवा, पूर्ण, एकही वाक्य न गाळता. काकूचं मी सगळ्यात शेवटी केलं. हिंमतच होत नव्हती. डबा तिला दाखवला नाही, फक्त म्हटलं की माळ्यावर काकांचं सामान सापडलं. ती शेंगा सोलत होती, म्हणाली, "डालडाच्या डब्यातलं ना." पुढे अकरा मिनिटं बोलली, शेंगा सोलतच. आठवड्याने मी टाइप केलेलं तिला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि एकाच ठिकाणी थांबवलं. मी लिहिलं होतं की ते मित्र जमले की काकू देवळात जाऊन बसायची.

"देवळात नाही गं," ती म्हणाली. "नळावर. पाणी नसायचं त्या वेळेला, पण तिथून आपल्या खोलीचं दार दिसायचं. मी कळशी घेऊन बसायचे. कोणी जिना चढायला लागलं की कळशी फरशीवर आपटायची, आत ऐकू जाईल एवढी. ते नीट लिही."

मी खोडून नीट लिहिलं.